साहसी व्हिडिओ गेममधील गूढ दुय्यम पात्रे : एक आढावा

ज्या कलेत प्रेक्षक स्वतःच नायकाच्या जागी उभा राहतो आणि कथेचे पुढचे पाऊल त्याच्या बोटांच्या हालचालीवर अवलंबून असते, त्या साहसी व्हिडिओ गेममध्ये नायकाच्या आसपास वावरणाऱ्या, मध्येच भेटून दोन शब्द बोलणाऱ्या आणि आपला ठावठिकाणा न सांगता नाहीशा होणाऱ्या दुय्यम पात्रांना एवढे महत्त्व का यावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ भासला तरी या कथनप्रकाराच्या मूळ स्वरूपाशी त्याचा निकटचा संबंध आहे. या खेळांतील नायक बहुधा मुका किंवा नाममात्र असतो. खेळाडूला त्याच्यात शिरता यावे म्हणून तो मुद्दामच रिकामा ठेवलेला असतो. त्यामुळे खेळ संपून वर्षे लोटल्यावर स्मरणात उरतो तो नायक नव्हे, तर काचेपलीकडून त्याच्याकडे पाहत उभा राहिलेला एखादा अनोळखी इसम. असे का व्हावे, आणि प्रत्येक गूढ पात्राला हे भाग्य का लाभू नये, याचा विचार काही प्रसिद्ध खेळांच्या आधाराने येथे करावयाचा आहे.

कादंबरीतील गूढ हे प्रामुख्याने ज्ञानाचे गूढ असते. लेखक काही माहिती राखून ठेवतो, वाचक ती मिळण्याची वाट पाहतो, आणि वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. खेळातील स्थिती निराळी आहे. तेथे खेळाडू हा त्या कल्पित मुलखाचा जवळजवळ अनिर्बंध मुखत्यार असतो. तो बंद दारे उघडतो, दुसऱ्याच्या घरातील पेट्या धुंडाळतो, मेला तरी जतन केलेल्या क्षणापासून पुन्हा सुरुवात करतो, आणि वाटेवरचा प्रत्येक माणूस जणू त्याच्याच तैनातीला ठेवल्यासारखा त्याच्या प्रश्नाची वाट पाहत उभा असतो. अशा या निर्वेध अंमलात ज्याच्यावर त्याची हुकमत चालत नाही, ज्याला गाठता येत नाही, थांबवता येत नाही, आणि ज्याचा हेतू आपल्या हेतूहून वेगळा असावा असा संशय येत राहतो, असा एखादाच इसम भेटला की त्या मुलखाला एकाएकी खोली प्राप्त होते. खेळातील गूढ हे अशा रीतीने ज्ञानाच्या अभावापेक्षा अधिकाराच्या अभावातून जन्मास येते, असे माझे मत आहे. आणि ज्या गूढ पात्राने खेळाडूच्या अधिकाराला कोठेच हात घातला नाही, त्याचे कथनमूल्य, त्याच्याभोवती कितीही धुके पसरलेले असो, अल्पच राहते.

या पात्रांची परंपरा खेळांना चित्र लाभण्यापूर्वीची आहे. अमेरिकेतील विल क्राउदर यांनी केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहाजालाच्या आपल्या प्रत्यक्ष परिचयातून रचलेला आणि डॉन वुड्स यांनी 1977 साली विस्तारलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा केवळ शब्दांतून खेळावयाचा खेळ या प्रकाराचा आद्य नमुना समजला जातो. त्यात एक चाचा अंधारातून येतो, खेळाडूने कष्टाने गोळा केलेली दौलत हिसकावतो आणि भुलभुलैयात अंतर्धान पावतो. त्याला चरित्र नाही, कुळ नाही; पण तो येऊन गेल्यावर खेळाडू पूर्वीच्या बेफिकिरीने त्या गुहेत हिंडत नाही.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील तरुणांनी 1977 पासून रचलेल्या आणि पुढे इन्फोकॉम कंपनीने 1980 साली बाजारात आणलेल्या ‘झोर्क’ने याच कल्पनेला जे वळण दिले ते आजही विलक्षण वाटते. येथेही एक चोर आहे. खांद्यावर मोठी पिशवी आणि हाती अणकुचीदार सुरी घेऊन तो पाताळातील दालनांतून स्वतःच्या मर्जीने फिरत असतो आणि हाती लागेल ते उचलून नेतो. खेळाडू साहजिकच त्याला शत्रू समजतो. आता, या खेळात झाडावरच्या घरट्यात एक रत्नजडित अंडे सापडते. ते बंद असते. नायकाच्या राकट हातांनी ते उघडू पाहिले तर आतील किल्लीचा नाजूक पक्षी मोडतो. ते सुखरूप उघडण्याचे कसब त्या साऱ्या मुलखात एकट्या चोराच्या बोटांत आहे. म्हणजे खेळाडूने ते अंडे त्याला आपण होऊन द्यावे किंवा चोरू द्यावे, त्याने ते आपल्या गुप्त दालनात नेऊन उघडेपर्यंत धीर धरावा, आणि मग त्याला तेथे गाठून, झुंजीत पराभूत करून ते परत मिळवावे, असा हा डाव आहे. ज्याच्यापासून दौलत राखावयाची त्याच्याच हाती सर्वांत मौल्यवान वस्तू सोपवण्याची पाळी खेळाडूवर येते! चोर कोण, कोठला, याचा एका शब्दानेही खुलासा होत नाही. तरीही संशय, गरज आणि विश्वासघात या तिन्ही भावनांचे नाते खेळाडू त्याच्याशी जोडतो, आणि तेही संवादातून नव्हे, तर व्यवहारातून. पुढील काळातील पुष्कळ श्रीमंत खेळांना हे साधलेले नाही.

1993 साली रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंच्या सायन संस्थेने काढलेल्या ‘मिस्ट’मध्ये गूढ पात्रे प्रत्यक्ष हिंडतही नाहीत. एका निर्जन बेटावरील ग्रंथालयात एक तांबडे आणि एक निळे पुस्तक आहे, आणि त्यांत सिरस व अकनार हे दोन भाऊ बंदिस्त आहेत. पुस्तकाची हरवलेली पाने जसजशी आणून द्यावीत तसतसे त्यांचे चित्र आणि आवाज स्पष्ट होत जातात, आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर पित्याच्या घाताचा आरोप ठेवून खेळाडूचा कौल मागतो. परंतु ‘युग’ म्हटल्या जाणाऱ्या ज्या निरनिराळ्या जगांतून ही पाने शोधावी लागतात तेथे दोघांच्याही खोल्या जशाच्या तशा राहिलेल्या आहेत. एकाच्या खोलीत विलासाची हाव दिसते, दुसऱ्याच्या खोलीत क्रौर्याची साधने. फिर्याद ऐकावी पुस्तकात आणि पुरावा पाहावा त्या खोल्यांत, अशी ही रचना खेळाडूला न्यायाधीशाच्या आसनावर बसवते. त्यातही जो न्यायाधीश दोहोंपैकी कोणाही एकाच्या शब्दावर भुलून शेवटचे पान त्याच्या हाती देतो, तो स्वतःच त्या पुस्तकात कायमचा कैदी होतो, ही शिक्षा मला या खेळाच्या अत्यंत प्रशंसिलेल्या चित्रांहूनही अधिक मोलाची वाटते.

जपानी निंतेंडो कंपनीच्या ‘झेल्डा’ मालिकेने गूढ पात्राची कला जेवढ्या सातत्याने जोपासली तेवढी क्वचितच अन्य कोणी जोपासली असेल. 1993 च्या ‘लिंक्स अवेकनिंग’चे दिग्दर्शक ताकाशी तेझुका यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्या काळी गाजत असलेल्या ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेसारखी संशयास्पद माणसे आपल्या खेळात असावीत अशी त्यांची इच्छा होती. आणि खरोखरच, तो खेळ ज्या बेटावर घडतो तेथील साधीसुधी माणसेही काहीतरी दडवीत असल्यासारखी बोलतात. तेथे एक घुबड वारंवार येऊन नायकाला मार्ग दाखवते. खेळाडू त्याच्या सूचना निमूटपणे पाळतो, कारण खेळातील मार्गदर्शकाचे ऐकावयाचे ही त्याची वहिवाट असते. आणि अखेरीस कळते की बेट हे एका निद्रिस्त माशाचे स्वप्न आहे, घुबड त्या माशाच्याच आत्म्याचा अंश आहे, आणि आपण पार पाडलेल्या प्रत्येक कामगिरीने त्या बेटाचा आणि तेथील जिवलगांचा शेवट जवळ आणला आहे. याच मालिकेतील 1998 च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मधला शीक मात्र याउलट पद्धतीचा आहे. तो वीणेसारख्या वाद्यावर सूर शिकवतो, लखकन प्रकाश पाडून नाहीसा होतो, आणि उघड होतो तेव्हा वेष पालटलेली राजकन्या निघतो. रहस्यभेद झाला त्याच क्षणी राजकन्या शत्रूच्या हाती सापडते ही योजना चतुर आहे. तथापि, गूढ संपले की शीकही संपतो, ही त्या पद्धतीची मर्यादा होय.

दोन वर्षांनी, म्हणजे 2000 साली आलेल्या ‘मेजोराज मास्क’मधील मुखवटे विकणाऱ्या व्यापाऱ्याला अशी मर्यादा नाही. पाठीवर मुखवट्यांनी लगडलेले प्रचंड ओझे, चेहऱ्यावर अखंड स्मित, आणि घड्याळाच्या मनोऱ्याच्या तळाशी नायकाची वाट पाहत उभे राहण्याची तऱ्हा. आपला चोरीस गेलेला मुखवटा तीन दिवसांच्या मुदतीत आणून द्यावा एवढीच त्याची मागणी असते, कारण मुदतीअंती त्याला गाव सोडावयाचे आहे; आणि तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस तर चंद्रच त्या नगरावर कोसळणार आहे. या व्यापाऱ्याचे चित्रण पाहताना एक बारीक गोष्ट ध्यानात येते. तो एका मुद्रेतून दुसऱ्या मुद्रेत हळूहळू जात नाही. हात जोडलेला व्यापारी पुढच्या क्षणी एक बोट वर केलेला दिसतो, आणि मुखवटा अजून मिळालेला नाही हे कळताच तोच सौम्य इसम नायकाला धरून गदागदा हलवू लागतो. या दोन अवस्थांना जोडणारी हालचाल दाखवलेलीच नाही. इतर सर्वांचे देह काळाच्या ओघात चालत असताना याचा देह काळातील मधले क्षण वगळत जातो, आणि ज्या खेळात खेळाडू स्वतः काळाचा धागा पुनःपुन्हा मागे ओढून तेच तीन दिवस जगत असतो, त्यात हे वगळणे अतिशय सूचक ठरते. वेताळपंचविशीत राजाने मौन मोडले की वेताळ झाडावर परत जातो आणि साऱ्या खेपेला पुन्हा आरंभ होतो. तेथे जशी वेताळाची सत्ता त्याच्या ज्ञानात नसून त्या एका नियमात आहे, तशी या व्यापाऱ्याची सत्ता मुदतीत आहे. वेताळ शेवटी राजाचा हितकर्ता ठरतो. व्यापारी हितकर्ता ठरला की नाही हे सांगता येत नाही. मुखवटा हाती येताच त्यातील दुष्ट शक्ती निघून गेल्याचे तो शांतपणे सांगतो, निरोप घेतो आणि पाठ फिरवून चार पावले जाताच दिसेनासा होतो. नायकाने जग वाचवले, पण त्याचा सौदा दुसऱ्याच कोणाचा होता, ही रुखरुख तो मागे ठेवून जातो.

हीच रुखरुख पराकोटीला नेणारे पात्र म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या 1998 च्या ‘हाफ-लाइफ’मधील जी-मॅन. हा खेळ शुद्ध साहसी प्रकारातील नाही, त्यात गोळीबार पुष्कळ आहे. तरीही गूढ पात्रांचा आढावा त्याला वगळून पुरा होत नाही. निळसर सुटातला, हाती ब्रीफकेस घेतलेला हा इसम आरंभीच दुसऱ्या एका ट्रामच्या डब्यात दिसतो. नंतर काचेआड एका शास्त्रज्ञाशी वाद घालताना दिसतो, पण शब्द नीट ऐकू येत नाहीत. प्रयोगशाळेत अनर्थ माजल्यावर, खेळाडू जिवाच्या आकांताने ज्या भागातून रस्ता काढीत असतो, तेथेच एखाद्या दूरच्या सज्जात हा टाय सारखा करीत उभा असतो, आणि तेथवर पोहोचावे तो जागा मोकळी. माइक शापिरो या नटाने त्याला दिलेला आवाजही असा की शब्दांतील आघात नको तेथे पडतात, श्वास नको तेथे घेतला जातो. शेवटच्या प्रवेशात तो प्रथमच समोर येतो, आणि येतो तो खेळाडूची सारी शस्त्रे आधीच जप्त करून. त्याच्याजवळ एक देकार असतो : नोकरी पत्करावी, अथवा जिंकण्याची मुळीच आशा नसलेल्या लढाईला सामोरे जावे. ज्या खेळाडूने संपूर्ण खेळ शस्त्राच्या बळावर ओढून नेला त्याच्या हाती आता होय किंवा नाही एवढेच उरते. आणि 2004 च्या दुसऱ्या भागात हाच इसम नायकाला जागे करून, एखादे सरकारी दप्तर फडताळातून काढावे तसा बाहेर काढतो आणि शेवटी पुन्हा जागच्या जागी ठेवून देतो. जी-मॅन कोणाचा चाकर आहे हे आपल्याला माहीत नाही, परंतु आपण त्याचे चाकर आहोत हे मात्र आपल्याला पक्के कळते.

न उलगडलेल्या रहस्याचे ऋण किती काळ फेडावयाचे राहू द्यावे, हा प्रश्नही याच मालिकेच्या संदर्भात तीव्रपणे उभा राहिला. 2007 च्या भागानंतर कथा अधांतरी थांबली, पुढचा भाग येईना, आणि मालिकेचे लेखक मार्क लेडलॉ यांनी 2017 साली नावे व लिंगे पालटून त्या अपूर्ण कथेचा एक गोषवारा स्वतःच प्रसिद्ध केला. 2020 साली ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ आला, तेव्हा निर्मात्यांनी जी-मॅनचे कुळ उलगडून सांगण्याचा मोह टाळला आणि त्याऐवजी एक कैदखाना दाखवला. नायिका ॲलिक्स तो खेळभर शोधते, आत आधीच्या खेळांचा नायक गॉर्डन फ्रीमन सापडेल या आशेने तो उघडते, आणि आतून जी-मॅन बाहेर येतो. त्याच्याविषयी एक नवी गोष्ट कळते, ती म्हणजे त्यालाही कोणी कोंडू शकते. पण त्याची सुटका आपल्याच हातून झाली या जाणिवेने तो अधिकच अगम्य होतो. रहस्याचा हप्ता असा फेडावा की मुद्दल वाढावे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

टोबी फॉक्स यांच्या 2015 च्या ‘अंडरटेल’मध्ये गूढाचे दोन मासले शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि त्यांची तुलना करणे उद्बोधक ठरते. गॅस्टर नावाच्या एका लुप्त शास्त्रज्ञाचे अवशेष त्या खेळात विखुरलेले आहेत. खेळाच्या आरंभी एक ते शंभर यांतील एक अंक गुप्तपणे निवडला जातो. तो 66 निघाला तरच एका ओसाड वाटेवर करड्या रंगाचे दार उमटण्याचा संभव असतो, आणि त्या दारामागे उभी असलेली आकृती, जी गॅस्टरच असावी असे मानले जाते, जवळ जाताच नाहीशी होते. बहुसंख्य खेळाडूंना ती कधीच भेटत नाही. चाहत्यांनी तिच्यावर केलेले तर्क अमाप आहेत आणि त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. पण कथेतील कोणाचेही, खेळाडूचेही, तिच्यावाचून काही अडत नाही. उलट सान्स हा सांगाडा पहिल्या भेटीपासून थट्टामस्करी करीत खुशालचेंडूसारखा वावरतो, आणि अखेरच्या दालनात अकस्मात खेळाडूच्या कृत्यांचा जमाखर्च मांडून बसतो : किती जीव घेतले, किती सोडले. एवढ्यावर तो थांबत नाही. खेळ मागे नेऊन तोच प्रसंग पुन्हा अनुभवणाऱ्या खेळाडूच्या चेहऱ्यावरून, याने हे आधी ऐकलेले आहे, असे तो ओळखतो. काळ मागे फिरवणे हा खेळाडूचा सर्वांत निर्वेध, सर्वांत खासगी हक्क. त्याची हजेरी कोणीतरी मांडून ठेवीत होते हे कळताच अनेकांचा हात थबकतो. सान्सला ही जाणीव कोठून झाली याचा पुरता खुलासा नाही, आणि त्याची आवश्यकताही वाटत नाही.

काही गूढ पात्रांचे काम याहून साधे असते, आणि तेही कमी लेखू नये. कॅपकॉमच्या 2005 च्या ‘रेझिडेंट ईव्हल 4’मधील टोपडेधारी व्यापारी स्पेनमधील त्या भयाण प्रदेशात कोठेही भेटतो, अंगरख्याच्या आतून हत्यारे काढून दाखवतो आणि नायकाच्या आधी पुढच्या मुक्कामावर कसा पोहोचतो हे कधी सांगत नाही. त्याच्या मागे कसलीच कथा नाही. पण गावचे गाव पिसाळलेले असताना निव्वळ घेण्यादेण्याचा व्यवहार करणारा हा एकटाच इसम खेळाडूला मोठा दिलासा देतो.

आता एक वेगळा प्रकार. 2016 च्या ‘फायरवॉच’मध्ये, वायोमिंगमधील शोशोनी अरण्यात 1989 च्या उन्हाळ्यात वणव्यांवर नजर ठेवणाऱ्या हेन्रीची एकमेव सोबत म्हणजे वॉकी-टॉकीवरील डिलायला हिचा आवाज. ती आपली अधिकारी आहे, विनोदी आहे, प्रेमळ आहे, आणि काही दडवीत आहे असेही मधूनमधून वाटते. पण खेळाडूला ती अखेरपर्यंत दिसत नाही, कारण तिच्या मनोऱ्यावर तो पोहोचतो तेव्हा ती निघून गेलेली असते. या खेळावर पुष्कळांनी शेवट फसल्याचा ठपका ठेवला. अरण्यातील भयावह कटकारस्थानाचा उलगडा अगदी साध्या, दुःखद मानवी कारणात झाल्यामुळे ते निराश झाले. मला ही निराशा पटत नाही. कारस्थानाचे गूढ खेळाने प्रामाणिकपणे उकलले. डिलायलेचे गूढ मात्र उकलण्याजोगे नव्हतेच, कारण दुसऱ्या माणसाच्या निर्णयावर आपला अधिकार नाही, एवढाच त्याचा आशय होता. 2012 च्या ‘जर्नी’मध्ये तर वाळवंटात भेटणारा अनोळखी सहप्रवासी हा जगात कोठेतरी बसलेला खराखुरा खेळाडू असतो; त्याच्याशी बोलता येत नाही, एका सुरेल आवाजाने केवळ साद घालता येते, आणि त्याचे नाव कळते ते प्रवास संपून गेल्यावर. येथे गूढ रचावे लागलेच नाही, केवळ ओळख देण्याची सोय काढून घ्यावी लागली.

आपल्याकडील एक उदाहरण या संदर्भात आवर्जून पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ काढला. भाऊ गोलूला असुरांनी पळवून नेल्यावर त्याच्या शोधात निघालेल्या राजी या मुलीच्या वाटचालीवर दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत भाष्य करीत असतात. ही योजना देखणी आहे, आणि भारतीय पुराणकथा या माध्यमात इतक्या निगुतीने आणल्याबद्दल निर्मात्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु हे निवेदक देव राजीच्या बाजूचे आहेत हे पहिल्या वाक्यापासून ठाऊक असते, त्यांचे हेतू परिचित आहेत, आणि ते खेळाडूच्या वाटेत उभे राहत नाहीत. पडद्याबाहेरून येणारा त्यांचा आवाज कृपेचा आहे, संशयाचा नाही. वस्तुतः आपल्या पुराणांत वर देऊन त्यातच फट ठेवणारे, वेष पालटून दान मागणारे, तळ्याकाठी अडवून आधी प्रश्नाचे उत्तर दे आणि मग पाण्याला हात लाव असे बजावणारे देव-यक्ष विपुल आहेत. नियमाने बोलणारी आणि अटीने वागणारी ही पात्रे खेळाच्या माध्यमाला जन्मतःच अनुकूल आहेत. उद्या अशा खेळाचा नायक तहानेने व्याकूळ होऊन तळ्यावर आला आणि न दिसणाऱ्या आवाजाने त्याला थांबवले, तर त्याने थांबावे की बटण दाबून ओंजळ भरावी, हा निर्णय खेळाडूला स्वतः करावा लागेल, आणि त्या आवाजाच्या अंगी यक्षत्व आहे की कपट, हे त्याला आगाऊ सांगणारा निवेदक जवळ असता कामा नये.